सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा घरी खेळून पाहिला

गणपतीला गावी गेले तेव्हा सावंतवाडीहून गंजिफाचा, म्हणजे हाताने चितारलेल्या गोल पत्त्यांचा, एक डबा आणला. तीन महिने तो आमच्या शोकेसमध्ये होता. घरी येणारा प्रत्येक जण झाकण सरकवून वरची दोन-चार पानं हातात घ्यायचा, "किती सुरेख!" म्हणायचा आणि परत ठेवून द्यायचा. मला ते बघवेना. पत्ते आहेत ना हे? मग डाव पडला पाहिजे. मार्गशीर्षातला एक शनिवार धरला, शाळेच्या दोन मैत्रिणी, एकीचे यजमान, शेजारच्या वहिनी-भाऊजी, त्यांची बारा वर्षांची मुलगी आणि माझे मोठे मामा यांना ठाण्याला आमच्या घरी बोलावलं. आम्ही दोघं धरून नऊ माणसं. संध्याकाळी पाच ते रात्री साडेदहा, डबा शोकेसबाहेर होता. हे पत्ते घ्यावेत का आणि घेतले तर पाहुण्यांबरोबर कसे खेळावेत, ते त्या साडेपाच तासांवरून सांगते.

आधी वस्तू. दशावतारी गंजिफात एकशेवीस पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. पानं गोल. माझ्या डब्यातली शेवपुरीच्या चपट्या पुरीपेक्षा जराशी मोठी आहेत. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः बसलेला, प्रधान घोड्यावर, आणि बाकीच्या पानांवर त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, वराहाचे शंख, नरसिंहाची चक्रं, वामनाचे कमंडलू, परशुरामाचे परशू, रामाचे बाण, कृष्णाच्या गाई, बुद्धाची कमळं, कल्कीच्या तलवारी. रंग म्हणतात तो खराच रंग आहे, कारण प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाने भरलेली असते.

कृष्णाची नव्वी जरूर बघा. त्या एवढ्याशा गोलात नऊ गाई आहेत. तीन-तीनच्या तीन ओळी. कुठलीही गाय दुसरीसारखी नाही, एकीची मान वळलेली, एकीचं शेपूट उचललेलं, मधल्या ओळीतली एक तर चक्क मागे बघते आहे. केसाएवढ्या कुंचल्याने हे काम केलं आहे. शेजारच्या मुलीने ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

हे पत्ते करायची जुनी रीत अशी, की कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वर पांढरी जमीन चढवून घोटायची, मग चितारायचं आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. खेळ फारसी मुलखातून आला. बाबराने आपल्या आठवणींत 1527 साली सिंधकडे कुणाला तरी गंजिफा पाठवल्याची नोंद केली आहे. मोगली गंजिफा आठ रंगांचा, शहाण्णव पानांचा. आपल्याकडे त्यात दशावतार आले आणि रंग दहा झाले. सावंतवाडीत हे काम चितारी लोक करत आले. मध्यंतरी ते जवळजवळ बंद पडलं होतं. 1970 च्या दशकात तिथल्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ते पुन्हा उभं केलं. सत्त्वशीलादेवी स्वतः एका जुन्या चिताऱ्याकडे बसून शिकल्या. मोती तलावाकाठच्या राजवाड्यात आजही दरबार हॉलमध्ये कारागीर पाटावर वाकून रंगवताना दिसतात. तिकडे गेलात तर तो हॉल चुकवू नका. एक चक्र पुरं व्हायला किती वेळ लागतो ते तिथे उभं राहून बघितलं की किमतीबद्दल घासाघीस करावीशी वाटत नाही.

माझा डबा राजवाड्यातला नाही, बाजारातल्या एका छोट्या दुकानातला आहे. साडेसहा हजार रुपये मोजले. आकार, चित्राचा बारीकपणा आणि डब्यावरचं काम यांवर किंमत बरीच खालीवर होते, त्यामुळे माझा आकडा फक्त अंदाजासाठी धरा.

आता खेळ. आमच्यात फक्त मामांना येत होता, तोही लहानपणी वाडीत वडीलधाऱ्यांच्या मागे बसून पाहिलेला. त्यांनी शिकवला तसा आम्ही खेळलो, आणि शेजारच्या मुलीला दहा मिनिटांत समजला. प्रत्येक रंगात राजा सगळ्यांत मोठा, त्याच्या खाली प्रधान. पुढे मात्र पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, तर उरलेल्या पाच रंगांत नेमकं उलटं, एक्का मोठा आणि दश्शी तळाला. हुकूम नाही. भागीदार नाही. ज्या रंगाची उतारी झाली त्यातलं मोठं पान ज्याचं, हात त्याचा. डाव उजवीकडे फिरतो. तिघं असाल तर चाळीस-चाळीस पानं, चौघं असाल तर तीस, पाच जण असाल तर चोवीस.

आणि पहिली उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्याची. दिवेलागणीनंतर खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण आला त्याची. या एका नियमासाठी मी सगळ्यांना पाचला बोलावलं होतं. डिसेंबरात मुंबई-ठाण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा एक डाव रामाचा आणि पुढचे कृष्णाचे व्हावेत असा बेत होता. झालं तसंच. पहिल्या डावात दोघी मैत्रिणींपैकी बँकेत असलेलीकडे राम आला. तो डाव संपता संपता खिडकीबाहेरचा उजेड गेला, माझ्या नवऱ्याने देवापाशी दिवा लावला आणि मामा पानं गोळा करत म्हणाले, "दिवो लागलो. आता किसनाचो डाव." मला त्या क्षणी जे वाटलं ते कुठल्याच दुसऱ्या पत्त्यांनी आजवर दिलेलं नाही. संध्याकाळ आमच्या खेळाच्या आत आली होती.

खेळाचा कस आठवणीवर लागतो. हुकूम नसल्यामुळे मधलं पानसुद्धा केव्हातरी राजा होतं. नरसिंहाचा राजा, प्रधान आणि वरची दोन पानं पडून गेली असतील तर तुमच्या हातातलं पाचव्या नंबरचं चक्र हात करून देतं, पण ती चारही पानं गेली हे तुम्हाला आठवलं पाहिजे. दहा रंगांत हे सांभाळायचं, त्यातल्या पाचांत उलट्या क्रमाने. मेंढीकोट खेळून वाढलेल्या आमच्यासारख्यांना दश्शीचा मान रक्तात भिनलेला, त्यामुळे उलट्या रंगात दश्शी जपून ठेवायची आणि ती फुकट घालवायची, हे पहिल्या डावात प्रत्येकाकडून झालं. बँकेतली मैत्रीण तिसऱ्या डावापर्यंत तयार झाली. शेवटच्या दहा हातांत मामांकडे काय उरलंय ते तिने मोजून सांगितलं, आणि मामांनी खूश होऊन तिला आपल्या पानांसकट टाळी दिली.

पहिला डाव तिघांत लावला आणि ती माझी चूक होती. चाळीस गोल पानं हातात धरता येत नाहीत. चौकोनी पत्त्यांचा पंखा होतो, गोल पानांचा ढीग होतो. कोपरा नाही आणि कोपऱ्यावर आकडाही नाही, त्यामुळे पान ओळखायला ते निम्मं तरी बाहेर काढावं लागतं. आम्ही पानं मांडीवर रंगवार ठेवली, ती सरकली, पुन्हा लावली. त्या एका डावाला सव्वा तास लागला. पाच जणांत चोवीस पानं सहज सांभाळता येतात आणि डाव पाऊण तासात आटपतो. नव्या माणसांना घेऊन खेळायचं तर पाचच बसा.

पिसायचं कसं हाही प्रश्न येतो. नेहमीच्या पत्त्यांसारखी ही पानं पिसू नका, कडा एकमेकींवर घासतात. खाली सतरंजी, वर पांढरा सुती पलंगपोस घालायचा, सगळी पानं त्यावर पालथी पसरायची आणि दोन्ही तळव्यांनी हलकेच फिरवायची. सतरंजीचं कारण वेगळं आहे. गुळगुळीत लादीवर पान पडलं की चिकटून बसतं आणि उचलायला नख घालावं लागतं, आणि नखाने कडेची लाख उडते. सतरंजीवर बोट थोडं दाबलं की पान आपोआप तिरकं होतं. पहिल्याच पाच मिनिटांत लादीवर हे ध्यानात आलं आणि आम्ही उठून अंथरूण घातलं. पलंगपोस घालताना मामांनी मला बजावलं, "गो, देव असत ते. पायाखाली येवक दिव नको." मग येणं-जाणं सगळं एका बाजूने ठेवलं.

खाण्याचा बेत या पत्त्यांनी ठरवला. माझ्या मनात आधी बटाटेवडे आणि कोथिंबीर वडी होती, मित्रमंडळी जमली की तेच तर करतो. पण तेलाची बोटं आणि हळदीची बोटं या दोन्हींपासून ही पानं लांब ठेवायची होती. म्हणून खेळताना फक्त कोरडं आणि बोट न लावता खाता येईल असं ठेवलं. उकडलेले शेंगदाणे सोलून, मीठ लावून, पूर्ण कोरडे करून वाट्यांत चमच्यांसकट. मालवणी खाजं, गुळाचं, आल्याचं, एका ताटात छोट्या चिमट्यासकट. चहा पलंगपोसापासून हातभर लांब, प्रत्येकाच्या मागे स्टुलावर. खेळाच्या गोलात कपबशी नाही हा नियम मी आल्या आल्या सांगितला आणि सगळ्यांनी पाळला.

खरं जेवण साडेसातला, दुसऱ्या खोलीत, डबा मिटवून. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी आणि गोडाला रसातले शिरवाळे. मार्गशीर्षात आमच्याकडे बरेच जण मासे-मटण बंद ठेवतात, त्यामुळे शाकाहारीच केलं. आंबोळीचं पीठ थंडीच्या दिवसांत फुगायला वेळ घेतं, म्हणून आदल्या दुपारीच वाटून ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. अर्धा किलो काळे वाटाणे नऊ जणांना पुरून थोडे उरले. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण सकाळीच करून ठेवलं होतं, त्यामुळे संध्याकाळी चुलीपाशी फक्त आंबोळ्या घालायच्या राहिल्या, आणि त्या नवऱ्याने घातल्या. यजमानीण स्वयंपाकघरात आणि पाहुणे खेळात असं मला नको होतं. मला बसायचं होतं, आणि मी बसले.

जेवणानंतर साबणाने हात, कोरडा पंचा, मगच डबा. तरीही एक प्रसंग झालाच. मैत्रिणीचे यजमान उरलेली सोलकढी पेल्यात घेऊन बघायला आले आणि वाकले तसा एक थेंब नेमका वामनाच्या सत्तीवर पडला. पिवळ्या जमिनीवर गुलाबी थेंब, कमंडलूच्या बरोबर वर. सगळे गप्प झाले. ते बिचारे इतके ओशाळले की त्यांच्याकडे बघवेना. मी जुन्या मलमलचा तुकडा जवळ ठेवला होता. घासलं नाही, थेंबावर नुसता टेकवला, टिपला, मग दुसऱ्या कोरड्या बाजूने एकदा हलकेच फिरवला. पान उजेडाकडे तिरकं धरून बघितलं. डाग नाही, रंग उतरला नाही, लाखेची चकाकी तशीच. कोकमाचा डाग कपड्यावरून जाता जात नाही हे प्रत्येक मालवणी बाईला ठाऊक आहे. त्या सत्तीने ती परीक्षा पार केली आणि माझ्या मनातली सगळी धाकधूक गेली. लाखेचा हात नीट दिलेली पानं खेळण्यासाठीच केलेली असतात.

आता न आवडलेल्या गोष्टी सांगते. दोन रंगांच्या जमिनी फार जवळच्या आहेत. दिवसा एक शेंदरी आणि एक लाल असा फरक स्पष्ट दिसतो, पण आमच्या दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसायला लागल्या. भाऊजींनी परशू समजून तलवार टाकली आणि हात गमावला. पिवळा दिवा बंद करून पांढरी ट्यूब लावली तेव्हा ठीक झालं. दुसरं, आठ, नऊ आणि दहा खुणांची पानं पन्नाशीच्या पुढच्या डोळ्यांना पटकन मोजता येत नाहीत. बाणांचं तर फारच अवघड, ते एकमेकांना लागून आहेत. आम्ही शेवटी असं ठरवलं की पान टाकताना तोंडाने सांगायचं, "बाणांची नव्वी", "कासवांची दुर्री". त्याने खेळाला एक लयही आली. तिसरं म्हणजे डब्यात नियमांचा कागद नव्हता. दुकानदार भला माणूस, त्याने तोंडी सांगितलं, पण घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं विसरलं. मामा नसते तर आम्ही अडलो असतो. एवढ्या मोलाच्या वस्तूबरोबर मराठीत एक पानभर नियम आणि दहा खुणांची यादी हवीच. मी आता पुठ्ठ्यावर दोन्ही लिहून डब्यासोबत ठेवलं आहे, कुठले पाच रंग सुलटे आणि कुठले पाच उलटे ते खुणेच्या चित्रासकट. ती चित्रं शेजारच्या मुलीने काढली. चौथी तक्रार डब्याची, सरकतं झाकण एका बाजूला अडकतं आणि जोर लावावा लागतो.

नऊ माणसांत पाचच जण गंजिफा खेळणार, तर बाकीच्यांचं काय? दुसरा गोल तयार ठेवला पाहिजे, आणि त्यात ओळखीचाच खेळ हवा. आमच्याकडे नेहमीच्या पत्त्यांचा मेंढीकोट रंगला, माणसं कमी-जास्त झाली की बदाम सात. शिकाऊ खेळ एका वेळी एकच असावा. दोन्ही गोलांत लोक नियमच विचारत बसले तर यजमानाचा जीव दोन्हीकडे धावतो आणि कुठेच लागत नाही. डाव संपला की माणसं बदलायची, म्हणजे प्रत्येकाला अवतार हातात मिळतात. साडेनऊनंतर डोळे थकले, पत्ते मिटले आणि गाण्याच्या भेंड्या झाल्या. त्याबद्दल काय सांगायचं, मराठी माणसं जमली की त्या होतातच.

मामांचं मात्र सांगायला हवं. ते एरवी अशा जमण्यात कोपऱ्यात खुर्ची धरून बसतात, चहा पितात आणि नऊला निघतात. त्या दिवशी ते मांडी घालून साडेदहापर्यंत खाली बसले. वराहाचा राजा हातात आला की गावच्या जत्रेतल्या दशावतारी नाटकाची गोष्ट, कल्कीचा प्रधान आला की आजोबांच्या वेळच्या डब्याची. त्या डब्यातली पानं हाताळून हाताळून इतकी झिजली होती, की घरातली माणसं चित्र न बघता डागांवरून पान ओळखायची. शेजारची मुलगी त्यांना बिलगून बसली होती आणि त्यांच्या वतीने पानं टाकत होती. निघताना तिने मला विचारलं, "मावशी, पुढच्या वेळी मामाआजोबा नक्की येणार ना?"

येणार आहेत. महाशिवरात्रीला मामांचा मुक्कामच आमच्याकडे आहे, आणि या वेळी पाच जण पक्के ठरलेत.

तुम्ही घ्यायला जाणार असाल तर दुकानातच डबा पालथा करा. दहा राजे ओळीने मांडा आणि शेजारच्या दोन जमिनी सावलीतही वेगळ्या दिसतात का ते बघा. प्रत्येक रंगाची बारा पानं मोजा. कडेवरून अंगठा फिरवा, कुठे लाख खरखरीत लागली तर ते पान बदलून मागा. आणि एखादं पान हरवलं तर तेवढंच एक पुन्हा करून मिळेल का, हे विचारून ठेवा. माझ्या दुकानदाराने हो म्हटलं, आणि डब्याच्या तळाला पेन्सिलीने आपला नंबर लिहून दिला.